परंतुक

मंडळी, यंत्रांतलं मला फारसं कळत नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि तेव्हापासून सरकारी कचेरीत आवक-जावक, टिपणी, फायली. गुडघा कुरकुरायला लागला म्हणून तीन वर्षांपूर्वी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, त्यामुळे डाव्या पायाला कायमची रजा. दांड्याशेजारी पी, आर, एन, डी अशी चार अक्षरं. एवढं कळलं की झालं, अशी माझी समजूत होती.

आमचं घर फोंड्याजवळच्या एका वाड्यावर. आमच्या आंगणाच्या कडेने एक वाट मागच्या घराकडे जाते. त्या घराशी आमचं वाटेवरून बिनसलेलं. गोव्यात हे नवीन नाही. प्रत्येक वाड्यावर एखादी वाट तरी मामलेदाराकडे गेलेली असतेच. आमचीही गेली आहे.

आता जे सांगतो ते सांगायला जड जातंय. गाडी घेतल्यापासून मी ती मुद्दाम त्या वाटेच्या तोंडाशी लावायचो. स्कूटर जाईल, माणूस जाईल, पण त्यांची गाडी जायची तर मला बाहेर येऊन माझी हलवावी लागे. ते हॉर्न वाजवीत, मी चहा संपवून सावकाश येई. बोलणं काहीच नाही. जागा कागदोपत्री माझी आहे, असं मनाशी म्हणायचं की झालं.

गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी बाजारातून माटोळीचं सामान आणलं. नारळ, सुपारीचे घोस, निरफणस, तोरिंगण, कांगलां... पाऊस आला तशी धावपळ झाली आणि डिकी नीट लागली नाही. डिकीतला तो इवलासा दिवा पेटताच राहिला. पाच-सहा वॅटचा दिवा, त्याचं काय एवढं? पण अडीच दिवस तो जळत होता आणि बॅटरी चार वर्षांची म्हातारी. दीड दिवसाच्या गणपतीत ना त्यांना गाडी काढायची होती, ना मला.

विसर्जन करून आलो, जेवलो, आडवा झालो. साडेअकराच्या सुमारास दारावर थापा. मागच्या घरातला मुलगा, पावसात चिंब.

"दादा, गाडी काड बेगीन. आजयेक स्वास घेवंक जायना."

आजी म्हणजे आमच्या काकी. लहानपणी मला ताप आला की मिरी-आल्याचा कसाय करून आणायच्या. चावी घेऊन धावलो. रिमोटचं बटण दाबलं, गाडी ढिम्म. किल्लीने दार उघडलं. चावी फिरवली तर साधा टकटक आवाजसुद्धा नाही. डॅशबोर्डवर अंधार. ब्रेक दाबून दांडा ओढला, तो पीवरून तसूभरही हलेना. आईशप्पथ सांगतो, हात थरथरत होते. मागे त्यांची गाडी सुरू होऊन उभी, दिव्यांचा झोत माझ्या पाठीवर, आणि आत काकींचा घरघरणारा श्वास.

"धक्का मारूया," मी म्हटलं.

"पीवर आसतना ती हालची ना," तो म्हणाला. मुलगा टॅक्सी चालवतो. "तुमी बसात, हँडब्रेक ओढात आनी ब्रेक दाबून धरात."

मी बसलो. चावी 'ऑन'वर ठेवायला सांगितली, म्हणजे स्टिअरिंग अडकत नाही. मोबाईलचा उजेड दांड्याच्या बुडाशी धरून त्याने नखाएवढं एक प्लॅस्टिकचं टोपण स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं. तीन वर्षं मी ते टोपण बघत होतो, कधी विचार केला नव्हता. खाली एक बारीक फट. तिच्यात त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली दाबला, मला दांड्यावरचं बटण दाबायला सांगितलं, आणि दांडा सुळकन एनवर आला. मग हँडब्रेक सोडला आणि त्याने, त्याच्या वडिलांनी आणि आमच्या हिने मिळून गाडी माझ्या आंगणात ढकलली. इंजिन बंद असताना स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो, हे तेव्हा कळलं. नशीब, आंगण सपाट आहे. सगळं मिळून चार मिनिटं गेली असतील. ती चार मिनिटं मी अजून मोजतो.

काकी वाचल्या. पाच दिवसांनी घरी आल्या.

नंतर मी गाडीचं पुस्तक काढून शब्द न् शब्द वाचलं, सवयीप्रमाणे. पीवर असताना गिअरबॉक्समध्ये एक खिट्टी दातेरी चाकात अडकते, म्हणून चाकं फिरत नाहीत. आणि ब्रेक दाबल्याशिवाय दांडा पीवरून हलू नये म्हणून वेगळं कुलूप असतं. ते विजेवर उघडतं. बॅटरी मेली की कुलूप बंदच. १९८६ च्या सुमारास अमेरिकेत, गाड्या आपोआप सुसाट सुटतात अशी ओरड झाली होती. १९८९ च्या तिथल्या सरकारी अहवालात मुख्यतः असं निघालं की लोक ब्रेक समजून दुसरंच पेडल दाबत होते. अशा गोंधळावर उतारा म्हणून हे कुलूप सर्रास आलं. नियम चांगलाच आहे. पण करणाऱ्याने नियमाखाली एक फट ठेवली, वर टोपण लावलं. आमच्या कायद्यांत कलमाखाली "परंतु" म्हणून सुरू होणारं एक वाक्य असतं, त्याला परंतुक म्हणतात. हे तेच!

तुमच्याकडे ऑटोमॅटिक असेल तर आजच ती फट शोधून ठेवा. सगळ्या गाड्यांत ती वरच नसते, काहींत आतलं झाकण काढावं लागतं. नुसत्या बटणावर गिअर बदलणाऱ्या नव्या गाड्यांत बहुधा नसतेच. एएमटीवाल्या बऱ्याच गाड्यांना पी नसतो, त्या गिअरमध्येच अडकून राहतात. तेव्हा आपापलं पुस्तक बघा. उतारावर असाल तर चाकांना आधी दगड लावा. आणि ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, त्यासाठी घाम गाळू नका. दुसऱ्या बॅटरीवरून वायर जोडूनच ती सुरू करावी लागते. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने आपल्या गाडीवरून जोडून दिली. लाल वायर आधी, आणि काळ्या वायरचं शेवटचं टोक माझ्या बॅटरीला नाही, तर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, ठिणगी उडाली तर बॅटरीपासून लांब उडावी म्हणून. मी नुसता बघत उभा होतो. पैसे विचारले तर हसला.

काकींना बघायला गेलो. सात वर्षांनी त्या घराची पायरी चढलो. त्यांनी सुनेला नेवऱ्या आणायला सांगितल्या आणि मला म्हणाल्या, "गुडघो कसो आसा रे?" वाटेचं अवाक्षर नाही. मला नेवरी गिळवेना.

आता गाडी आंगणात, बावीजवळ लावतो. जागा होतीच. जास्वंदीची दोन झाडं काढावी लागली, एवढंच. मामलेदाराकडचा अर्ज मात्र अजून तिथेच आहे. सोमवारी अर्धी रजा टाकली आहे. अर्ज मागे घेण्यासाठी कुठला नमुना लागतो, ते मला चांगलं ठाऊक आहे.