आठ मिनिटांवरची ताई

"आजोबा, अमरावतीहून अकोल्याला विमानाने किती वेळ लागेल?" आमच्या नातवाने विचारले. आम्ही अमरावतीकर. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याला मुंबईचे पहिले प्रवासी विमान उतरले तेव्हापासून घरात विमानाखेरीज विषय नाही!

नातवाने लगेच हिशेब मांडला. बेलोऱ्यापासून अकोल्याच्या शिवणी विमानतळापर्यंत सरळ रेषेत अंतर सुमारे ७० किलोमीटर. ७२ आसनांचे विमान ताशी ५०० किलोमीटर जाते असे धरले, तर वेळ फक्त आठ मिनिटे!

"आणि वर चढायला, खाली उतरायला? तासभर आधी जाऊन बसायला?" सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच विचारले. घरापासून बेलोरा, शिवणीपासून ताईचे घर, सगळे मिळून बेरीज दोन तासांच्या वर गेली. शिवाय या मार्गावर विमानच नाही! शिवणीची धावपट्टी १९४३ सालची, म्हणजे बेलोऱ्याहून कितीतरी थोरली. पण लांबीला जेमतेम १४०० मीटर. बेलोऱ्याची १८५०. थोरलीला डावलून धाकटीचे लग्न आधी व्हावे, तसे झाले. आता मुंबईहून विमानाने येणारा अकोलेकरही बेलोऱ्यालाच उतरतो.

माझी ताई अकोल्यालाच असते. वय ऐंशीच्या पुढे. आठ मिनिटांच्या अंतरावरच्या बहिणीला मी आठ महिन्यांत भेटलो नव्हतो. हिशेब ऐकून नातू हसला; मला मात्र हसू आले नाही. दुसऱ्याच दिवशी बडनेरा गाठले आणि गाडीत बसलो.

दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी आणि तूर. कुरूम गेले, माना गेले. जवळच्या महामार्गाकडे बोट दाखवून मी नातवाला सांगितले, की जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात एकपदरी हिशेबाने ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घातला गेला. तो जागतिक विक्रम ठरला. मूर्तिजापूरला 'शकुंतले'ची आठवण निघाली. ती अरुंद रुळांची गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत, छे, चालत होती! एकाच वाटेवर किती वेगांचे संसार!

आणि अकोल्यात तर पायांचाही वेग आहे. श्रावणात राजराजेश्वरासाठी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर कावडीने आणतात. त्या भक्तांना कोणी मिनिटे विचारत नाही.

तासाभरात अकोला आले. ताई दारातच बसली होती. डोळ्यांवर हात धरून तिने पाहिले आणि म्हणाली, "काहून रे बाप्पा, रस्ता चुकलास काय?"

नातू उत्साहाने म्हणाला, "आजी, विमान असते तर आठच मिनिटे लागली असती!"

"असं होय?" ताई म्हणाली, "मग मी तर रोजच वाट पाहात बसली असती."

मी खाली पाहिले. निघताना फराळाचा डबा हाती देत ती एवढेच म्हणाली, "डबा परत आणून दे बरं. मोकळा असला तरी चालंल."

डबा सध्या आमच्या फडताळात आहे. भाऊबीजेला घेऊन जाणार आहे. गाडीनेच.