सोमवारी अजिंठा बंद असतो

आम्ही भुसावळची माणसे. अजिंठा आम्हाला लांब नाही, आणि जवळ आहे म्हणूनच पुष्कळ वर्षांत जाणे झाले नव्हते. गेल्या हिवाळ्यात भाचीने हट्ट धरला. ती जळगावला आमच्या बहिणीजवळ असते, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. ती म्हणाली, "मामा, लहानपणी सहलीत मला नेलं होतं. एका ओट्यावर बसवलं आणि बाकीचे बघून आले. या वेळी मला नेऊ नका. मी जाते, तुम्ही माझ्याबरोबर या."

गाडी कोणती, लेणी केव्हा उघडतात, चढण किती, ही सगळी माहिती मीच काढणार, असे तिने बजावले. तिच्या मोबाईलमध्ये स्क्रीन रीडर आहे. पडद्यावर बोट फिरवले की बोटाखाली जे लिहिलेले असेल ते फोन मराठीत वाचून दाखवतो. परीक्षेचा फॉर्म, रेल्वेचे वेळापत्रक, पैसे पाठवणे, सारे ती यावरच करते. एक सरकारी पर्यटन संकेतस्थळ उघडून ती बसली. कोणते ते इथे लिहीत नाही, लिहून काही साधणार नाही. आम्ही शेजारी बसून ऐकत होतो. फोन बोलू लागला, "प्रतिमा. प्रतिमा. बटण, लेबल नाही. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा. प्रतिमा." अर्धा तास हेच चालले होते.

आम्ही डोकावून पाहिले तर पान मोठे देखणे. वर पद्मपाणीचे चित्र, खाली डोंगराचा देखावा, त्याखाली बारीक अक्षरांचा एक रंगीत फलक. आमचा चष्मा घरी राहिला होता. म्हटले, चल गं पोरी, सरकारी जागा आहे, कशाला बंद असेल! आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारची. म्हणून सोमवारीच निघालो. आम्ही उभयता, ती आणि भाकरीचे गाठोडे.

जळगावहून पहूर करीत एस. टी. ने फर्दापूर फाटा गाठला. खाजगी गाड्या इथेच थांबतात, इथून लेण्यांपर्यंत सुमारे चार किलोमीटर दुसऱ्या बसने जावे लागते. फाट्यावर शुकशुकाट. एका दुकानदाराने आमच्याकडे बघून विचारले, "आज कसे आले भाऊ? सोमवारी लेणी बंद राहतात." आम्ही झाडाखाली बसून भाकरी खाल्ली आणि परत फिरलो. एक दिवसाचा खर्च फुकट गेला, तो आमच्या घरात लहान नाही. भाची रागावली नाही. एवढेच म्हणाली, "त्या पानावर चित्र होतं ना मामा, त्यात लिहिलेलं असणार." घरी आल्यावर मुलाने फलक वाचला. होय, त्यातच होते.

यातली गोम तिने आम्हाला समजावून दिली. कागदावर छापलेले अक्षर आणि फोनमधले अक्षर यांत फरक आहे. फलकाचा फोटो काढून पानावर चिकटवला तर त्यातली अक्षरे फोनच्या लेखी अक्षरे राहत नाहीत, नुसता रंग होतो. तेच वेळापत्रक टाईप करून घातले तर फोन ते वाचतो. चित्र हवेच असेल तर त्याच्यामागे चार शब्द लिहून ठेवण्याची सोय असते, ते शब्द फक्त ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतात. सरकारी परिपत्रके शिक्का-सहीसकट स्कॅन करून चढवतात, तीही मुकीच. काही जुनी मराठी पाने अशा फॉन्टात टाईप केली आहेत की डोळ्यांना मराठी दिसते, पण फोन इंग्रजी अक्षरांची खिचडी बोलतो. पानाच्या डोक्यावर 'अ' लहान-मोठा करण्याची बटणे असतात. ती बसवली की काम झाले असा पुष्कळांचा समज दिसतो. भाचीला त्या बटणांचा काडीचा उपयोग नाही.

आणि प्रश्न एकट्या तिचा नव्हे. आमच्या गल्लीतला पोलिओ झालेला मुलगा चाकाच्या खुर्चीवर असतो. त्याला पान वाचता येते, पण पायऱ्या कुठे आहेत हे पानावर नसेल तर वाचून काय करणार? अजिंठ्याला सुरुवातीलाच पायऱ्यांची चढण आहे. ज्याला चढवत नाही त्याच्यासाठी चार माणसे खांद्यावर वाहून नेतात ती डोली मिळते. घरून निघण्यापूर्वी हे कळले तर माणूस पैशाची जुळवाजुळव करून निघतो. ऐकू न येणाऱ्याला चित्रफितीखाली अक्षरे लागतात. म्हाताऱ्या माणसाला फिकट पिवळ्यावर पांढरे लिहिलेले दिसत नाही, आणि म्हातारे तर आपण सगळेच होणार.

दुसऱ्या खेपेला रजा टाकून रविवारी गेलो. वाघूर नदी घोड्याच्या नालासारखी वळण घेते, त्या वळणाच्या कड्यात ओळीने ३० लेणी कोरली आहेत. भाचीने पायऱ्या मोजल्या, कठडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, ते फोनमध्ये बोलून ठेवले. पहिल्या लेण्यात चपला बाहेर काढून शिरलो. आत अंधार आणि गारवा. ती म्हणाली, "सांगा मामा, काय आहे?" आम्ही म्हणालो, "फार सुंदर चित्र आहे." ती थांबली. आम्हीही थांबलो. पुढे काय बोलावे ते सुचेना. डोळे असून आम्ही इतकेच पाहत होतो.

मग मामी पुढे झाली. "हे बघ, गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या बाजूला एक तरुण उभा आहे. अंग कमरेत जरा वळलेलं, मान एका बाजूला कललेली. डोक्यावर उंच मुकुट, गळ्यात मोत्यांची माळ. उजव्या हातात कमळ धरलंय, अगदी हलकं, बोटांच्या टोकांनी. डोळे खाली झुकलेत. एवढे दागिने घातलेत, पण त्याचं लक्ष दागिन्यांत नाही. कुणाचं तरी दुःख ऐकतोय असं वाटतं." भाची म्हणाली, "मामी, परत सांगा, सावकाश." आणि फोन पुढे धरला.

सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, सुमारे सात मीटर लांब. हात लावायचा नाही, ते ठीकच. मामीने तिला डोक्यापाशी उभे केले आणि मूर्तीच्या कडेकडेने पायांपर्यंत चालवत नेले. उशीवर टेकलेला गाल, गालाखाली उजवा हात, खाली शोक करणारी माणसे, हे चालता चालता सांगितले. भाची शेवटी म्हणाली, "केवढी मोठी आहे!" लेण्यातून बाहेर आलो तरी ती पावले मोजतच होती.

घरी आल्यावर तिने त्या कार्यालयाला पत्र लिहिले. आम्ही फक्त पाकिटावर तिकीट लावले. पत्रात कायदाही होता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. सरकारी संकेतस्थळे कशी असावीत याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तर २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आमच्या वस्तीत घटनेचे नाव रोज निघते, पण हे कलम मोबाईलच्या पडद्यापर्यंत येते हे आम्हाला भाचीमुळे कळले.

पत्राबरोबर तिने पद्मपाणीच्या चित्रामागे घालण्यासाठी मामीचीच वाक्ये लिहून पाठवली. फार लांब नकोत म्हणून तीनच ठेवली. मामी म्हणाली, मोत्याची माळ का गाळलीस? त्यावरून दोघींत थोडी बोलाचाली झाली.

दोन महिन्यांनी भाचीचा फोन आला. वेळापत्रक आता अक्षरांत आहे, "सोमवारी बंद" असे फोन स्पष्ट वाचतो. चित्र अजून मुकेच आहे. तिने दुसरे पत्र लिहायला घेतले आहे, या खेपेस माळेसकट. आणि आता तिला वेरूळला जायचे आहे. वेरूळ मंगळवारी बंद असते. आमची सुट्टी सोमवारची, म्हणजे रजा लागणार नाही. हे तिनेच आम्हाला आधी पाहून सांगितले.