उतरवून घेतलेले गाणे

लहानपणी शेजारच्या वाड्यातले रायआवळे पाडले, एवढी एकच चोरी माझ्या नावावर आहे, अशी परवापरवापर्यंत माझी प्रामाणिक समजूत होती. तीही पचली नव्हती. दात आंबले आणि वडिलांनी कान उपटला तो वेगळाच. पुढे मी बसचे तिकीटसुद्धा कधी चुकवले नाही. पण यंदा गणपतीत माझी पुतणी घरी आली. ती वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि हा प्राणी मुरलेल्या वकिलापेक्षा धोक्याचा असतो. त्याला कलमे सगळी पाठ असतात आणि ती फुकट सांगायची हौस असते.

आरती झाल्यावर मी मोठ्या कौतुकाने माझा पेनड्राइव्ह तिच्यापुढे धरला. बोटाएवढी वस्तू, पण तिच्यात सातशे गाणी, शिवाय गीतरामायण सगळे, छप्पन्नच्या छप्पन्न!

"विकत घेतलीत, काका?"

"विकत कशाला? इंटरनेटवरून उतरवून घेतली."

"परवानगी न घेता कुणीतरी चढवलेली, आणि तुम्ही उतरवलेली. म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग."

भंग हा शब्द मला अभंगापुरताच परिचयाचा. मी म्हटले, "अगं, 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेली गाणी ही! कायद्याला काही मुदत असेल की नाही?"

मुदत होती. पण एका गाण्याला एक मुदत, असा साधा हिशेब नव्हता. 1957 च्या कायद्याने गाण्याचे कांद्यासारखे पापुद्रे केले आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क निराळा. ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षे तो चालतो. शब्द निराळे, चाल निराळी. त्यांची साठ वर्षे कर्त्याच्या मृत्यूनंतर मोजायची. माडगूळकर 1977 साली गेले, म्हणजे शब्द 2037 अखेरपर्यंत राखीव. बाबूजी फडके 2002 साली गेले, म्हणजे चाली 2062 पर्यंत. तोवर वाट पाहायची माझी तयारी आहे, पण प्रकृतीची नाही.

पूर्वी ही मुदत पन्नासच वर्षांची होती म्हणे. रवींद्रनाथांचे लेखन 1991 अखेर मोकळे व्हायला आले, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढली, आणि त्यांच्या पुण्याईने साऱ्यांनाच वाढवून मिळाली.

माझा चेहरा पाहून पोरीला दया आली असावी. ती म्हणाली, "'मानापमान' मात्र खुशाल ऐका. खाडिलकर 1948 साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 साली. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांनाही साठाहून अधिक वर्षे झाली. ते आता सगळ्यांचं आहे." आजोबांच्या फोनोवर ज्यांनी आमचे घर नादावले होते, ते बालगंधर्व आता कायद्यानेही आमचे झाले, हे ऐकून मला भरून आले.

शिक्षेचे कलम तिने जाता जाता सांगितले. जाणूनबुजून हक्क मोडला तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. धंदा किंवा नफा नसेल तर न्यायाधीश कमी करू शकतात. स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींचा आवाज आला, "तीन वर्षं डबा पोचवणं मला जमायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते."

मी शेवटचा बचाव केला. माणसाने स्वतःपुरते काही करूच नये काय? तर तीही सोय आहे. खासगी उपयोगासाठी केलेला रास्त वापर कायदा मोकळा सोडतो. रास्त कशाला म्हणायचे, यावर वकिलांची पोटे भरतात. "पण प्रती काढून वाटणं, हे कुठलाच वकील रास्त म्हणणार नाही," ती म्हणाली.

वाटणे हा शब्द मात्र मला रात्रभर टोचला. तशी आमची पिढी या बाबतीत सोवळी कधीच नव्हती. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानात नेऊन द्यायची, दुकानदार चार दिवसांत 'भरून' देई. त्यात कुणाचे काही गेले असे कुणाला वाटत नसे. मोठ्या कंपनीचे काय जायचे आहे! पण मला कंपनी आठवत नव्हती. मला आमच्या गल्लीतल्या गाण्याच्या बाई आठवत होत्या.

माझी मुलगी त्यांच्याकडे शिकत असे. 2006 साली बाईंनी हातातली पाटली मोडून आपली सीडी काढली. जनाबाईंचे आठ अभंग. शब्द सातशे वर्षांपूर्वीचे, म्हणजे सर्वांचे, पण चाली बाईंच्या स्वतःच्या. स्टुडिओचे भाडे, तबलजी, पेटीवाले, सगळे त्यांच्याच पदरचे. पाचशे प्रती, किंमत दीडशे रुपये. मी एक प्रत घेतली आणि आपण कलेला आश्रय दिला अशा थाटात घरी आलो. मग संगणकावर तिच्या अठरा प्रती काढल्या आणि दिवाळीच्या फराळाबरोबर नातेवाइकांत वाटल्या. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. मी बाईंना जाऊन सांगितले, "बाई, अठरा घरांत पोचवलं तुमचं गाणं!" बाई क्षणभर थांबून म्हणाल्या, "हो का? छान." आणि त्यांनी माझ्यापुढे चिवड्याची बशी ठेवली. ते आभार आहेत असे मी इतकी वर्षे समजत होतो.

गणपती गेल्यावर एका संध्याकाळी मी दोन हजार सातशे रुपये पाकिटात घालून त्यांच्याकडे गेलो. बाई आता थकल्या आहेत. कॉटखाली पुठ्ठ्याची खोकी अजून होती. काय बोलायचे ते मी वाटेत ठरवले होते; प्रत्यक्षात नुसते पाकीट पुढे केले आणि "त्या अठरा प्रतींचे" एवढेच बोललो. त्या नको म्हणतील अशी माझी कल्पना होती, खरे तर आशाच होती. बाईंनी चष्मा लावून पैसे मोजले. मग वाकून खोके ओढले आणि अठरा सीड्या मोजून माझ्या पिशवीत घातल्या. "पैसे दिलेत, तर माल न्यायला हवा," त्या म्हणाल्या. मी जिन्यापर्यंत पोचलो तेव्हा मागून विचारले, "त्या अठरांत कुणी ऐकलं का हो?"

मला ठाऊक नव्हते.

घरी येऊन मी फोन करायला बसलो. नऊ फोन झाले. चौघांना अशी काही सीडी मिळाल्याचेच आठवेना. दोघांनी आठवत असल्याची बतावणी केली. एकाकडे ती वाळवणावरचे कावळे हाकलायला गच्चीत टांगली होती. एक आत्या आता राहिल्या नाहीत. नववा फोन नागपूरच्या वहिनींचा. त्या म्हणाल्या, "अहो भावजी, रोज देवपूजेला तीच लावते मी. फक्त शेवटचा अभंग मध्येच तुटतो. बाईंनी तो तेवढाच म्हटलाय का?"

बाईंनी तो पुरा म्हटला होता. तुटला होता तो माझ्या संगणकावर, आणि तो तसाच अठरा घरी गेला होता. वहिनींकडचे यंत्र अजून चालू आहे. पिशवीतली एक सीडी मी आजच कापडात शिवून पोस्टात टाकली आहे. नऊ फोन अजून करायचे आहेत.