ब्रेकवाला

बंगळूरच्या बनशंकरी भागात राहावयास आलो, तेव्हा त्या नावानेच मला बालपण आठवले. येथील मंदिर 1915 सालचे. परंतु माझे बालपण गेले ते मूळ बनशंकरीच्या, म्हणजे बदामीच्या परिसरात. पौष पौर्णिमेला तेथे मोठी जत्रा भरते. माझे वडील, अण्णा, सुतारकाम करीत आणि जत्रेच्या दिवसांत लाकडी रहाटपाळणा फिरवीत. त्याला यंत्र नव्हते. पेटी दोन्ही हातांनी खाली ओढावयाची आणि थांबवतानाही अंगाचेच बळ लावावयाचे.

एकदा वर्गातील मुले पाळण्यात बसावयास आली. ‘‘तो पाळणेवाला तुझा कोण रे?’’ एकाने विचारले.

‘‘कुणी नाही,’’ मी म्हणालो. अण्णा चार हातांवर उभे होते.

2018 साली मुलीकडे मेलबर्नला गेलो असता नातीने मला लूना पार्कमध्ये नेले. तेथील ‘सीनिक रेल्वे’ ही लाकडी रोलर कोस्टर 1912 सालची. अमेरिकेतील ‘लीप-द-डिप्स’ तिच्याहून दहा वर्षांनी जुनी; पण ती मध्यंतरी अनेक वर्षे बंद होती. म्हणून सर्वाधिक काळ अखंड चाललेली असा मान मेलबर्नच्या गाडीला दिला जातो. गाडी चढावर ओढून नेली जाते; पुढे ती केवळ आपल्या वजनाने धावते. तिला आवरण्यासाठी डब्यांच्या मधोमध एक माणूस उभा असतो व लांब दांडा ओढून ब्रेक लावतो. अमेरिकेत जॉन मिलर यांनी 1919 साली रुळांना खालून धरणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले. पुढे तशाच गाड्या सर्वत्र झाल्या आणि बहुतेक ठिकाणचे ब्रेकवाले गेले. येथे मात्र तो होता. उतारावर सारे किंचाळत होते. माझी दृष्टी त्याच्या मनगटांवर खिळली होती.

खाली उतरल्यावर नात म्हणाली, ‘‘आजोबा, केवढं अवघड काम ना!’’

‘‘माझे वडील असंच काम करायचे,’’ मी म्हणालो. हे वाक्य मी प्रथमच कोणापाशी उच्चारत होतो. मग तिला पाळण्याविषयी सांगितले, आणि माझ्या त्या उत्तराविषयीही.

‘‘पणजोबांना ते ऐकू गेलं होतं?’’

त्या दिवशी अण्णांनी त्या मुलांना पैसे न घेता आणखी एक फेरी दिली होती, एवढेच मला आठवत होते.