आठ सेकंदांचा वारा

सायकल चालवणाऱ्याला सगळ्यात जास्त कोण छळतं? चढ म्हणाल, तर तो उतारावर थोडंफार परत देतो. समोरचा वारा काही म्हणता काही परत देत नाही. शाळेत सायकलने जायचो तेव्हा वारा समोरून आला की मान आपोआप खाली जायची. त्यामागचं शास्त्र मात्र निवृत्तीनंतर, नातवाच्या सायकलवेडामुळे वाचलं.

टाइम ट्रायल म्हणजे एकट्याने घड्याळाशी लावलेली शर्यत. आडोशाला पुढे कुणी नाही. त्यामुळे या शर्यतीची नवी सायकल बघावी तर विमानाच्या पंखाची भावंडं वाटते. नळ्या गोल नाहीत, लांबट. कारण गोल नळीच्या मागे हवेचे भोवरे होतात आणि ते मागे खेचतात. ब्रेकच्या तारा नळ्यांच्या पोटात. मागचं चाक आऱ्यांशिवाय, थाळीसारखं. हिशोब असा की वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट!

पण गंमत पुढेच आहे. हवेला सगळ्यात जास्त अडतो तो वर बसलेला माणूस. म्हणून सगळ्यात गुणकारी ठरलं ते हँडल. पुढे काढलेल्या दांड्यांवर कोपरं टेकायची, हात जवळ घ्यायचे, पाठ आडवी करायची. बून लेनन या अमेरिकन स्कीइंग प्रशिक्षकाला ही कल्पना उतारावरून घसरणाऱ्या खेळाडूंच्या बसकणीवरून सुचली.

१९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस. व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर. लोरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. ग्रेग लेमंडकडे हे नवं हँडल आणि निमुळतं हेल्मेट. फिन्यों साध्या हँडलवर, उघड्या डोक्याने, मागे पोनीटेल. त्या दिवशी लेमंडने ५८ सेकंद काढले. ३,२०० हून अधिक किलोमीटरची शर्यत आठ सेकंदांनी फिरली.

यात अन्याय झाला का? मला तसं वाटत नाही. लेमंड १९८७ मध्ये शिकारीतल्या अपघातात छर्रे लागून मरता मरता वाचला होता. त्याचं यश एका हँडलच्या नावावर टाकणं बरं नव्हे. खंत वेगळीच आहे. फिन्योंने १९८३ आणि १९८४ ची टूर जिंकली होती. २०१० मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, तो गेला. तरी जगाला तो आठवतो 'आठ सेकंदांनी हरलेला' म्हणून.

एका गुणाने पहिला नंबर हुकलेली मुलं मी पाहिली आहेत. पुढे त्यांनी काय काय मिळवलं! पण गावात ओळख तीच, 'तो बघा, एका मार्काने गेलेला.' नळ्यांचा आकार बदलून हवेचा विरोध कमी करता येतो. लोकांच्या या आठवणीवर इलाज कोणता, ते कुणी शोधलेलं नाही.