माशांचं पाणी

आमच्या घरात दोघांच्या पाण्याची काळजी घ्यावी लागते. एक आजोबा आणि दुसरे त्यांचे मासे. आजोबांचं पाणी दवाखान्यातली माणसं बघतात. माशांचं पाणी गेल्या जूनपासून माझ्याकडे आलंय.

आजोबांचं डायलिसिस सुरू झालं. त्यासाठी हाताला फिस्टुला केलाय, त्या हातानं वजन उचलायचं नाही. म्हणजे बादली बंद. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर साधारण ६० लिटर पाणी बसतं. आत मॉली आणि गप्पी. दर रविवारी चौथा हिस्सा, म्हणजे १५ लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. आजोबा ती बादली आधी दोन दिवस गच्चीवर उघडी ठेवायचे. पण आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. आलं की आई आधी प्यायचं भरते, मग वापरायचं. माशांसाठी एक बादली दोन दिवस अडवून ठेवणं तिला जमेना. म्हणून वॉटर कंडिशनर घ्यायचं ठरलं.

मी बाटल्यांची माहिती काढत बसले होते तेव्हा बाबा म्हणाले, "काय करूलालीस? पाण्याला कसलं औषध? आपण पितोय की तेच पाणी!"

प्रश्न चुकीचा नव्हता. बेळगावला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. जंतू मरावेत म्हणून पाण्यात क्लोरीन घालतात, आणि नळापर्यंत त्यातला थोडा शिल्लक राहायलाच हवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम सांगितलाय. आपण ते पाणी पितो तेव्हा क्लोरीन पोटातच संपून जातो. मासा मात्र पाण्यात श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांचा पडदा इतका पातळ असतो की एका बाजूला पाणी आणि लगेच दुसऱ्या बाजूला रक्त. क्लोरीन तो पडदाच भाजून काढतो.

हे मला पुस्तकापेक्षा डायलिसिसच्या खोलीत जास्त नीट कळलं. मशीनमध्ये मिनिटाला सुमारे अर्धा लिटर द्रव फिरतो. चार तासांत १२० लिटर होतात. तो द्रव आणि आजोबांचं रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा. तिथल्या टेक्निशियननं सांगितलं, की पाणी आधी कार्बनच्या टाक्यांतून जातं आणि त्यातला क्लोरीन तपासल्याशिवाय पाळी सुरू करत नाहीत. एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत लागतो, नाहीतर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. घरी येऊन मी बाबांना एवढंच सांगितलं, "आजोबांना जे पाणी चालत नाही ते माशांनाही चालत नाही." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

आता निवड. दुकानात तीन तऱ्हेच्या बाटल्या होत्या. पहिली साधी, 'अँटी-क्लोरीन'. तिच्यात मुख्यतः सोडियम थायोसल्फेट असतं. जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे तेच हे. कापड ब्लीच केल्यावर उरलेला क्लोरीन काढायलाही ते वापरतात. दुसरीत त्याच्या जोडीला कोरफड होती, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर सांभाळायला. तिसरी सगळ्यांत महाग. क्लोरामाइन फोडते आणि त्यातून सुटलेला अमोनियाही बांधून ठेवते, असा तिचा दावा.

क्लोरामाइन म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचं जोडपं. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत पाण्यात तेच घालतात. बादली दोन दिवस ठेवली तरी ते सहजासहजी उडून जात नाही. साधं थायोसल्फेट त्यातला क्लोरीन संपवतं, पण अमोनिया मागे उरतो आणि तोही माशांना विषच. म्हणून बाटली निवडायच्या आधी आपल्या नळाला नक्की काय येतं ते बघायला हवं होतं.

कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये सरांनी ऑर्थोटोलिडिन दिलं. नळाच्या ताज्या पाण्यात थेंब टाकला, पिवळा रंग आला. त्याच पाण्याचं एक भांडं दीड दिवस उघडं ठेवून पुन्हा थेंब टाकला. रंग आला नाही. म्हणजे आमच्याकडे मोकळा क्लोरीन आहे, क्लोरामाइन नाही. महागड्या बाटलीचं आम्हाला काम नव्हतं. कोरफडही दर आठवड्याला कशाला? मासा जखमी झाला किंवा लांबून आणला तर तिचा उपयोग.

आजोबा म्हणाले, "स्वस्त ते घे, पण मोजून घाल."

हिशेब सरळ आहे. १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम खडे लागतात. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन धरला तर १५ लिटरला १०५ मिलिग्रॅम. १० ग्रॅम खडे विरघळवून १०० मिली द्रावण केलं, तर १ मिलीत १०० मिलिग्रॅम येतात. थोडं जास्त असावं म्हणून मी २ मिली घालते, बिनसुईच्या सिरिंजनं, टाकीत नव्हे तर बादलीतच. १०० मिलीत पन्नास रविवार निघतात.

तुमच्या घरी टाकी असेल तर आणखी दोन गोष्टी सांगते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. अमोनिया खाणारे जीवाणू त्यात राहतात आणि क्लोरीन त्यांनाही सोडत नाही. आणि बोअरचं पाणी वापरत असाल, तर त्यात क्लोरीन नसतो, कंडिशनरनं त्याचा जडपणा जात नाही. तिथे पैसे घालवू नका.

आजोबांची एक वही आहे. डाव्या पानावर त्यांचं डायलिसिसच्या आधीचं आणि नंतरचं वजन, शिवाय दिवसभरात किती पाणी प्यायले ते. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला एक लिटरची मर्यादा घातलीय. उजव्या पानावर टाकीचा हिशेब. उन्हाळ्यात दुपारी ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसतात. तहान लागलेली असते, तोंडात बर्फाचा एक लहान खडा असतो, आणि समोर ६० लिटर पाण्यात मासे फिरत असतात. मला ते बघवत नाही. त्यांना मात्र तिथेच बसायचं असतं.

रविवारी मी पाणी बदलते, ते खुर्चीतून बघतात. सिरिंज उजेडात धरून २ चा आकडा त्यांना दाखवायचा, त्यांनी मान हलवायची, मगच बादलीत सोडायचं. उजव्या पानावर तारीख मात्र तेच घालतात. माझ्या हातात पेन देत नाहीत.