सहीच्या आधी

लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या रात्री जेवणे लवकर आटोपली, पण टेबल कोणी आवरायला घेतले नाही. ताटांच्या मधोमध चार पानांचा एक कागद पडला होता. साताऱ्याहून आलेल्या आई, त्यांचा मंत्रालयात नोकरी करणारा मुलगा आणि सून, तिघांचीही नजर फिरून फिरून त्याच कागदावर जात होती.

गोष्ट २०१८ सालच्या पावसाळ्यातली. आईंचे वय तेव्हा अठ्ठावन्न. आंघोळ करताना डाव्या स्तनात हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली, ती त्यांनी दोन महिने कोणालाच सांगितली नाही. नातवाला भेटायला दिल्लीला आल्यावर एका दुपारी गवार निवडता निवडता सुनेजवळ बोलून गेल्या. सुनेने हातातली परात खाली ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना इस्पितळात नेले. मॅमोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला गेला. कर्करोग होता, पण लहान होता. ऑपरेशनने काम होईल, असे सर्जन म्हणाले.

तो कागद आला त्यानंतर. क्ष-किरण विभागातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तो दिला होता. तिथे एक अभ्यास चालू होता. मॅमोग्राफीत आणि सोनोग्राफीत जे दिसते, त्याहून एमआरआयमध्ये खरोखर जास्त काही कळते का, आणि कळले तर त्याने उपचारात फरक पडतो का, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी आईंचा एक जादा एमआरआय काढायचा होता.

"मला यातून काय मिळणार?" आईंनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले होते.

"माताजी, कदाचित काहीच नाही," त्या म्हणाल्या, "पुढे येणाऱ्या बायकांना मिळेल. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काडीचाही फरक पडणार नाही. घरी न्या, वाचा, मग सांगा."

घरी मुलगा भडकला. "आई, तू काय प्रयोगशाळेतला उंदीर आहेस? आपल्याला ऑपरेशन करायचंय, त्यांना संशोधन!"

आईंनी चष्मा लावून कागद वाचायला घेतला. कागद हिंदीत, लिपी देवनागरीच, त्यामुळे वाचता येत होते. तिसऱ्या पानावर त्या थबकल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं, इथं तर सरळ लिहिलंय, आपत्ति आली तर आम्हाला कळवा!"

सून दिल्लीतच वाढलेली. ती हसू आवरत म्हणाली, "आई, हिंदीत आपत्ति म्हणजे संकट नाही. आपत्ति म्हणजे हरकत. तुमची हरकत असेल तर तुम्ही कधीही नाही म्हणू शकता, असं लिहिलंय."

तेवढ्या एका शब्दाने खोलीतली हवा सैल झाली. मग सुनेने सगळा कागद मराठीत करून सांगितला. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, चुंबक असतो. शिरेतून एक औषध द्यावे लागते, त्याआधी मूत्रपिंडाची रक्ततपासणी होते. खर्च रुग्णाने करायचा नाही. नाव गुप्त राहील. आणि शेवटी एक वाक्य होते: या तपासणीत आणखी काही संशयास्पद दिसू शकते, त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागू शकते आणि शेवटी ते निरुपद्रवीही निघू शकते.

आईंनी ते वाक्य दोनदा वाचून घेतले. मग साताऱ्याला फोन लावला. अप्पा पलीकडून एवढेच म्हणाले, "शरीर तुझं आहे. तुला पटेल ते कर."

हा कागद इतका सोपा, इतका सभ्य का असतो, यामागे मोठा इतिहास आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत रॉन्टगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. हाडे आणि बोटातली अंगठी पाहून जग थक्क झाले. पण हे किरण शरीराला काय करतात, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अमेरिकेत एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांवर काम करता करता भाजले, हात गमावून बसले आणि १९०४ मध्ये मरण पावले. पुढे दुसऱ्या महायुद्धात कैद्यांवर झालेल्या अमानुष प्रयोगांनंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्गची संहिता आली, १९६४ मध्ये हेलसिंकीचा जाहीरनामा आला. माणसाला विचारल्याशिवाय, त्याला समजेल अशा भाषेत सांगितल्याशिवाय त्याच्यावर संशोधन करायचे नाही, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे नियम हेच सांगतात. प्रत्येक अभ्यासाला नीतिसमितीची मंजुरी लागते आणि त्या समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. २००७ पासून अशा चाचण्यांची देशपातळीवर नोंदवहीही आहे. ती कोणालाही पाहता येते.

दोन दिवसांनी आई स्वतःच म्हणाल्या, "जाऊ या." मुलगा सही करायला पुढे झाला तर डॉक्टरीणबाईंनी पेन त्याच्या हातातून घेऊन आईंना दिले. आयुष्यभर घरच्या कागदांवर अप्पांच्या सहीखाली सही करणाऱ्या आईंनी त्या दिवशी पहिल्यांदा एकटीने सही केली.

खरा प्रश्न पुढे होता. यंत्राच्या खोलीत कोणताही धातू चालत नाही. सदतीस वर्षे गळ्यातून न उतरलेले मंगळसूत्र काढायचे होते. आई क्षणभर घुटमळल्या. मग सुनेच्या ओंजळीत ते ठेवत म्हणाल्या, "सांभाळ गं." पालथे झोपून, कानात बोळे घालून, त्या ठकठकाटात अर्धा तास त्यांनी मनातल्या मनात रामरक्षा म्हटली.

आणि कागदावरचे ते शेवटचे वाक्य खरे झाले. उजव्या बाजूला, जिथे मॅमोग्राफीत काहीच नव्हते, तिथे एक ठिपका चमकला. पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा सुई. ऑपरेशनची तारीख दहा दिवस पुढे गेली. त्या दहा दिवसांत घरात कोणी नीट जेवले नाही. आई रात्री उठून अंधारात खिडकीशी बसत. मुलगा सुनेवर चिडला, सून न्हाणीघरात जाऊन रडली. "नसती उठाठेव केली," हे वाक्य त्या घरात किती वेळा बोलले गेले, त्याची गणती नाही.

अहवाल आला. ठिपका निरुपद्रवी होता.

मुलाने डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलेच, "मग तुमच्या यंत्राने आम्हाला दिलं काय? दहा दिवसांचा घोर?"

त्यांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "तुमचा राग बरोबर आहे. म्हणूनच हा अभ्यास करावा लागतो. यंत्र किती वेळा खरं बोलतं, एवढंच मोजून भागत नाही. किती वेळा उगाच घाबरवतं, तेही मोजावं लागतं. तुमच्या आईंचे हे दहा दिवस आमच्या हिशेबात लिहिले जाणार आहेत."

जास्त दिसणे म्हणजे जास्त कळणे, असे आपण धरून चालतो. तसे नसते. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक धूम्रपानी माणसांवर फुप्फुसाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने तपासलेल्यांत या कर्करोगाचे मृत्यू साध्या क्ष-किरण तपासणीपेक्षा २० टक्क्यांनी कमी झाले. हा मोठाच लाभ. पण स्कॅनमध्ये संशयास्पद ठरलेल्या दर शंभर निकालांपैकी सुमारे ९६ निकाल फसवे निघाले. दोन्ही आकडे एकाच अभ्यासाने सांगितले, म्हणून तो विश्वासाचा.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये दीड लाखाहून अधिक स्त्रियांना घेऊन एक अभ्यास सुरू केला. त्यात कसलेही महागडे यंत्र नव्हते. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका ठरावीक अंतराने हाताने स्तनांची तपासणी करीत. वीस वर्षांच्या नोंदींचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. कुठे यंत्र हवे आणि कुठे शिकलेला हात पुरेसा आहे, हे अशाच हजारो अनाम बायकांमुळे आपल्याला कळते.

म्हणून असा कागद समोर आला तर घाबरून फाडू नये आणि डोळे मिटून सहीही करू नये. विचारावे: ही तपासणी माझ्या उपचारासाठी की अभ्यासासाठी? त्रास काय होऊ शकतो? खर्च कोणाचा? नवे काही दिसले तर पुढे काय? मधेच सोडता येईल का? नीतिसमितीची मंजुरी आहे का? उत्तरे आपल्या भाषेत मिळाली नाहीत, तर पेन खाली ठेवावे. समजावून सांगणे हे त्यांचे काम आहे आणि नाही म्हणणे हा आपला हक्क.

आईंचे ऑपरेशन नीट पार पडले. जानेवारीत संक्रांतीचे हळदीकुंकू लक्ष्मीबाई नगरातच झाले. तिळगूळ वाटताना आईंनी शेजारणींना गाठीची गोष्ट सांगितली, दोन महिने लपवल्याचीही सांगितली. "लपवलं ते चुकलं," त्या म्हणाल्या. एकीने हळूच विचारले, "आणि त्या जादा तपासणीला हो म्हटलं, ते?"

आई थोडा वेळ गप्प राहिल्या. "ते दहा दिवस कोणाच्या वाट्याला येऊ नयेत," त्या म्हणाल्या. "पण विचारून आले होते ते. लपवलेले दोन महिने कोणाला विचारून काढले मी?"

साताऱ्याला परत जाताना त्यांनी त्या कागदाची आपली प्रत शिधापत्रिकेच्या पाकिटात जपून ठेवली. तिसऱ्या पानावर 'आपत्ति' या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात त्यांनी लिहून ठेवले आहे, 'हरकत'.